उत्तरेच्या दाराचं रीडिंग

प्रॅक्टिकलच्या वहीत रीडिंग जमवून लिहायची आपल्याकडं जुनी चाल आहे. उत्तर पुस्तकात छापलेलं असतं. पोरं उत्तरापासून उलट चालत मागं येतात आणि वाटेत जी रीडिंगं सापडतील ती वहीत बसवतात. लंबक न हलवताही गुरुत्वाचा आकडा नऊ पूर्णांक आठ येतो. मी स्वतः बी.एस्सी. अशीच झाले आहे, म्हणून एवढ्या खात्रीनं सांगते.

आमच्या सरांना हे चालत नसे. कळंबच्या ज्या ज्युनिअर कॉलेजात मी शिकवते, तिथं ते फिजिक्सचे जुने शिक्षक होते, आणि त्यांच्या प्रयोगशाळेत तीन नियम होते. रीडिंग शाईनं लिहायचं. आलं तेच लिहायचं. आणि चुकलं तर एकाच रेघेनं खोडायचं, खालचं वाचता आलं पाहिजे अशी रेघ. शेजारी खरं लिहून सही करायची. खाडाखोड झाकायची पांढरी शाई कुणाकडं दिसली तर ते काढून घेत आणि वर्ष संपल्यावर परत देत. एकदा बारावीतल्या एका मुलाचा गुरुत्वाचा आकडा साडेसात आला. बिचारा रडकुंडीला आला होता. सरांनी त्याची वही बघितली, लंबकाची दोरी बघितली आणि त्याला पूर्ण मार्क दिले. म्हणाले, "आकडा चुकलाय, पण तुझा हाय. शेजारच्याचा बरोबर हाय, पण त्याचा न्हाय." शेजारच्याला प्रयोग पुन्हा करावा लागला.

वही पटली की खाली एकच शब्द लिहीत, 'तपासले', आणि त्याखाली एक गिचमीड सही. छान, उत्तम असलं काही नाही. पोरं मात्र त्या एका शब्दासाठी दोन दोन तास दोरी मोजत बसत.

मी तिथं लागले तेव्हा तासिका तत्त्वावर होते. म्हणजे तास घेतला तर शिक्षक, नाही घेतला तर कुणीच नाही. धाराशिवहून सकाळच्या एसटीनं यायचं, दुपारच्या एसटीनं जायचं. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये ह्या उंच, वाळक्या माणसानं माझं नाव-गाव न विचारता विचारलं, "मॅडम, गाडीत चढताना धक्का कुठवर गेला?"

मला राग आला. असल्या प्रश्नाचा बाईमाणसाला राग येणारच. मी म्हणाले, "कसला धक्का?"

"मागनं कोणतरी रेटतंय ना. तो रेटा पायरीवरच्या माणसापस्तोर पोचतो, का मधीच मरतो? आज स्टँड वलं हाय का वाळलेलं?"

स्टँड त्या दिवशी कुणीतरी धुतलं होतं. मी तसं सांगितलं. "मग पोचला आसंल," म्हणून ते खिशातल्या डायरीत लिहायला लागले. नंतर एका शिक्षिकेनं मला बाजूला घेऊन समजावलं की मनावर घेऊ नका, ते मेंढरंवाले सर आहेत, सगळ्यांनाच असं विचारतात.

मेंढरंवाले म्हणजे खरोखरचे. भूमकडच्या एका खेड्यात त्यांचं घर, आणि थोरल्या भावाचा मेंढरांचा कळप. सर घरातले पहिले शिकलेले. पण शिकून त्यांनी मेंढरं सोडली असं झालं नाही, मेंढरंच फिजिक्समध्ये आणली. खुर्चीवर बारा महिने घोंगडीची घडी. पायात टायरच्या चपला, आणि त्या का, हे न विचारता सांगायचे: टायर फरशीला धरतो. संस्थेचे अध्यक्ष आले तरी चपला त्याच.

त्यांचा सगळा विचार एका गोष्टीभोवती फिरायचा. नळाचं पाणी वाहतं ते उतारामुळं, नाहीतर मागून कुणी ढकलतं म्हणून. पण काही प्रवाह असे असतात की त्यांचा थेंबन् थेंब स्वतःच्या बळावर चालतो. मेंढरांचा कळप, शाळा सुटल्यावरची पोरं, साचल्या पाण्यातले जंतू. "पाण्याला उतार लागतो. ह्यांचा उतार ह्यांच्या पोटात असतो," असं ते वर्गात सांगत. पुस्तकात ह्याला सक्रिय द्रव म्हणतात, हे मला पुष्कळ पुढं कळलं. सरांचा प्रश्न असा होता की असला द्रव वाहताना खालची जमीन काय करते. जमीन गुळगुळीत असली तर एकाचा रेटा लांबवर जातो, सगळा घोळका एक होऊन फिरतो, मोठाले भोवरे पडतात. जमीन खरबरीत असली की रेटा जवळच्या जवळ मरतो. भोवरे लहान होतात. आणि घर्षण नेमकं बसलं, कमी नाही, जास्त नाही, तर भोवरे जाऊन सरळ धारा पडतात, एकीशेजारी एक. ह्या 'नेमकं' शब्दात सरांची नोकरीतली बहुतेक वर्षं गेली.

कॉलेज सुटायच्या वेळी ते दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत स्टूल टाकून बसत आणि फाटकाकडं बघत कागदावर बाण काढत. त्या दहा मिनिटांत त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. एकदा शिपाई कसली तरी सही मागायला गेला, तर सरांनी त्याच्या हातातल्या कागदावर सहीच्या जागी चार बाण काढले. बायोलॉजीच्या फ्रीजमध्ये त्यांच्या काचेच्या बशा असत. किराणा दुकानातल्या चायना ग्रासची जेली करून त्यात जंतू वाढवायचे, एक बशी ओलसर ठेवायची, एक जरा वाळवायची, आणि मायक्रोस्कोपखाली दोन्हींतल्या भोवऱ्यांची मापं घ्यायची. एका नव्या शिक्षकानं गणपतीत प्रसादाची वडी समजून त्यातली एक बशी जवळजवळ खाल्ली होती. वेळेवर अडवलं म्हणून निभावलं.

स्टाफरूममधल्या भांडणालाही तेच माप. कुणाचं कुणाशी वाजलं की सर शिपायाला विचारत, "धक्का कुठवर गेला?" शिपाई सांगायचा, "ऑफिसापस्तोर." सर मान हलवत, "लई गुळगुळीत झालोय आपण सगळे. जरा खरबरीत माणसं पाहिजेत मधी."

एकदा रविवारी मी त्यांच्यासोबत त्यांच्या गावी गेले होते. थोरले भाऊ बुटके, पागोटंवाले, सरांपेक्षाही कमी बोलणारे. मेंढरं जाळीच्या कुंपणात कोंडायची वेळ होती आणि ते कुंपणाच्या तोंडाशी टोपलीतून मुरूम पसरत होते. मी विचारलं, "हे कशाला, दादा?"

"तोंडाला निसरडं झालं की एक पडतं," ते म्हणाले. "मागची थांबत न्हाईत. त्यास्नी काय ठावं म्होरं कोण पडलंय. मुरूम टाकला की आपापल्या पायानं जात्यात."

सर माझ्याकडं वळून म्हणाले, "ऐकलं का मॅडम? माझं सगळं शिक्षण एवढंच हाय. म्या नुसते बाण काढले." हे ते विनयानं म्हणत नव्हते. त्यांना तसंच वाटायचं.

तसं वाटत असलं तरी एक आस होती. पुण्यातल्या एका शास्त्रज्ञांना त्यांनी पत्र लिहिलं होतं, मराठीत, बाणांच्या चित्रांसह. त्यांचं उत्तर आलं, आणि आपुलकीनं लिहिलेलं आलं. पण त्यात एक अट होती. तुम्ही मेंढरं एका दिवशी मुरमावर बघता, दुसऱ्या दिवशी काँक्रीटवर. दिवस वेगळा, कळपाची भूक वेगळी, मग फरक जमिनीमुळंच पडला हे कशावरून? एकच घोळका, एकच वेळ, एकच जागा, आणि फरक फक्त घर्षणाचा, असं एक तरी रीडिंग असेल तर आपण पुढं बोलू. सरांनी ते पत्र प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. कपाट उघडलं की ते समोर यायचं, आणि सर दिवसातून चार वेळा कपाट उघडत.

त्याच सुमाराला कॉलेजचं नवं सभागृह झालं. प्राचार्यांना त्याच्या फरशीचा फार अभिमान. "तोंड बघून घ्या," म्हणून ते पाहुण्यांना खाली वाकायला लावत. सभागृहाला दोन दारं, एक उत्तरेला, एक दक्षिणेला, दोन्ही एका मापाची. सरांनी आत पाऊल टाकलं, टायरची चप्पल फरशीवर दोनदा घासली आणि बाहेर गेले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पुढच्या रविवारी त्यांनी सभागृहात एकेचाळीस मेंढरं आणली. थोरल्या भावाची, टेम्पोतून. भाऊ दाराबाहेरच उभे राहिले. "फरशीवर मेंढरू घालणं म्हंजे पाप हाय, मास्तर," एवढंच ते म्हणाले. मी खुर्चीवर चढून मोजायला होते, हे इथं कबूल करते. मेंढरं पाय फाकवून उभी राहिली, मग एक घसरलं, त्याचा रेटा पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला आणि सगळा कळप एकाच जात्यासारखा फिरायला लागला. सर भिंतीला चिकटून बाण काढत होते. इतका आनंदी माणूस मी क्वचित बघितला आहे.

सोमवारी मेमो आला. सरांनी दिलेला खुलासा पुढं कितीतरी वर्षं कॉलेजात तोंडपाठ होता: 'आपल्या पत्रास अनुसरून कळवितो की, मेंढ्या एकेचाळीस. भोवरा एक. दिशा घड्याळाच्या उलट. फरशीस ओरखडा नाही. लेंड्या मी स्वतः झाडल्या. कोणाची मदत घेतली हे आपण विचारलेले नाही, म्हणून लिहिलेले नाही.' प्राचार्यांनी ते विचारलं नाही, म्हणून मी वाचले. सर खोटं बोलत नसत. पण न विचारलेलं सांगतही नसत.

त्या खुलाशाला त्यांनी एक पुरवणी जोडली होती, ती मात्र कुणाच्या पाठ नव्हती. सभागृहात गर्दी होईल त्या दिवशी दोन्ही दारांच्या तोंडाला काहीतरी खरबरीत टाकावं, नाहीतर मागचा रेटा थेट उंबऱ्यावर येईल. प्राचार्यांनी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारला.

हिवाळ्यात स्नेहसंमेलन आलं. सर आदल्या दिवशी मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात, गेले आणि एका आडत दुकानातून रिकामी पोती, ज्याला तिकडं बारदाना म्हणतात, ती मागून आणली. आठ पोती. सकाळी चार उत्तरेच्या दाराला अंथरली, चार दक्षिणेच्या, कडेला विटा ठेवून. स्वागत समितीत मी होते आणि उत्तरेचं दार माझ्याकडं होतं, कारण पाहुणे त्या दारानं येणार होते. दक्षिणेच्या दारात सर स्वतः उभे राहिले.

पाहुणे यायच्या थोडं आधी प्राचार्य उत्तरेच्या दाराशी आले. पोती बघितली. "मॅडम, हे काय? आडत दुकान आहे का हे? उचला आधी."

मी म्हणाले, "सर, ती सरांनी घसरू नये म्हणून..."

"पाहुणे बारदान्यावरून आत येणार का? तुमच्या ऑर्डरची फाईल ह्याच महिन्यात जायची आहे ना? मग जरा नीट करा की सगळं."

फाईल म्हणजे माझ्या कायम नेमणुकीची. त्या एका कागदासाठी मी पाच वर्षं एसटीचे धक्के खाल्ले होते. प्राचार्यांनी धमकी दिली असं मी म्हणणार नाही, सहज बोलले असतील. पण मी वाकले, चारही पोती उचलली, दुमडली आणि स्टेजखाली सरकवली. सर दक्षिणेच्या दारात पाठमोरे उभे होते. त्यांना हाक मारावी असं मनात आलं. मारली नाही. दक्षिणेची पोती काढायला मात्र कुणी गेलं नाही, तिथं सर होते.

पाहुणे आले. मुलींनी त्यांच्यावर गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या, गुलाबपाणी शिंपडलं. पाकळ्या पायांखाली चिरडून फरशीला बसल्या. भाषणं लांबली, बक्षिसं लांबली. खेड्यावरून येणारी मुलं चुळबुळ करत होती, कारण संध्याकाळची एसटी चुकली की घर चुकलं. शेवटचं बक्षीस चालू असतानाच बाहेरून कुणीतरी ओरडलं, "गाडी लागली."

सगळं सभागृह उठलं. निम्मं उत्तरेकडं, निम्मं दक्षिणेकडं. मी उत्तरेच्या दाराशी भिंतीला होते. मागचा रेटा मला येताना दिसला, अगदी त्या मेंढरांचा दिसला होता तसा. घोळका एक झाला, बाजूला वळला, आणि पाकळ्यांवर पुढची मुलगी घसरली. तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. मागची थांबली नाहीत. त्यांना काय ठाऊक, पुढं कोण पडलंय. मी ओरडत होते, पण आवाजानं काही थांबत नाही. त्याच वेळी पलीकडं, दक्षिणेच्या दारातून, पोरं चार-चारच्या धारेनं बाहेर जात होती. तिथंही घाई तीच होती, गाडी तीच होती. आपापल्या पायांनी जात होती.

सर सभागृह ओलांडून धावत आले. त्यांनी आणि मी मिळून मुली उचलल्या. बाकीच्यांना मुका मार होता. सगळ्यात खालची, बारावीची, शेतकऱ्याची मुलगी, तिचा उजवा हात मनगटात मोडला होता. तिला तर वेगळंच दुःख. "सर, माझी प्रॅक्टिकलची वही पुरी व्हायची हाय," म्हणून ती रडत होती. सर तिचा हात खांद्यावरच्या घोंगडीत धरून बसले. मग त्यांनी खाली फरशीकडं बघितलं, उंबऱ्याकडं बघितलं, आणि माझ्याकडं बघितलं.

संस्थेनं तिघांची समिती नेमली. दक्षिणेच्या दाराला पोती होती आणि उत्तरेच्या नव्हती, हे सगळ्यांनी बघितलं होतं. मग उत्तरेची कुणी काढली, हा प्रश्न आलाच. प्राचार्य म्हणणार होते की मी काही सांगितलं नाही, आणि लेखी काहीच नव्हतं. दार माझ्याकडं होतं. मी घरी आईला सांगून ठेवलं होतं की नोकरी गेली असं समज. समितीनं आधी सरांना बोलावलं, वही घेऊन या म्हणून. सर आत गेले, पंधरा मिनिटांत बाहेर आले आणि शिपायाला म्हणाले, "चहा सांग, साखर जरा जास्त." मला कुणी बोलावलंच नाही. अहवालात आलं: साहित्य अपुरे पडल्याने दुर्घटना, कोणाचा दोष नाही. मला वाटलं, प्राचार्यांनी स्वतःला वाचवताना मलाही चुकून वाचवलं. दोन्ही दारांना रबरी मॅट आल्या. उन्हाळ्यात माझी ऑर्डर आली.

त्या मुलीचं प्लास्टर प्रॅक्टिकलच्या आदल्या आठवड्यात निघालं. तिच्या वहीतलं शेवटच्या प्रयोगाचं अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आहे. खाली 'तपासले' आहे.

मी एकदा सरांना सांगायचा प्रयत्न केला. व्हरांड्यात गाठून म्हणाले, "सर, त्या दिवशी ती पोती..." त्यांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, तासाला उशीर हुतोय." आणि गेले. तो त्यांचा तास नव्हता.

यथावकाश ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात नारळ घेतला, भाषण केलं नाही, आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. "आतल्या वह्या तुमच्या. रद्दीत घालू नका, कागद चांगला हाय." मी कपाट उघडलं नाही. कारण सांगायला लाज वाटते, पण दाराला आतून चिकटवलेलं ते पत्र मला बघायचं नव्हतं.

ह्या वर्षी प्रयोगशाळेला रंग द्यायचा म्हणून कपाट रिकामं करावं लागलं. पत्र तिथंच होतं, पिवळं पडलेलं. वह्या एकवीस. बाणच बाण: फाटक, आठवडी बाजार, मेंढरं, जंतू. सगळं शाईनं, चुकलेलं एका रेघेनं खोडून. स्नेहसंमेलनाचं पान सापडलं. एका बाजूला दक्षिणेचं दार, सरळ बाण, 'बारदाना चार. धारा चार.' दुसऱ्या बाजूला उत्तरेचं दार, एक मोठा गोल बाण, आणि खाली त्यांच्या स्वच्छ अक्षरात: 'बारदाना मिळाला चार. उत्तरेच्या दाराला कमी पडला.'

मी पान पुन्हा वाचलं. रंगारी काहीतरी विचारत होता, ते मला ऐकू आलं नाही.

आठ पोती मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती. चार माझ्या हातांनी उचलली होती. ज्या माणसानं जन्मात पोराचं एक जमवलेलं रीडिंग सोडलं नाही, त्यानं आपल्या वहीत खोटं रीडिंग लिहिलं आणि ती वही समितीपुढं ठेवली, कारण त्यांच्या वहीवर कुणी शंका घेणार नव्हतं. आणि एवढ्यावर भागलं नव्हतं. पुण्याच्या पत्रात मागितलं होतं ते रीडिंग त्यांना मिळालं होतं. एकच घोळका, एकच वेळ, एकच फरशी, फरक फक्त घर्षणाचा. पण एका बाजूचा आकडा खोटा आहे हे स्वतःला ठाऊक असताना ते पान पुण्याला पाठवणं त्यांच्यानं होणार नव्हतं. पुढच्या वह्यांत माणसांच्या गर्दीचा एकही बाण नाही. नुसते जंतू.

मला फार रडू आलं. मग राग आला, आधी प्राचार्यांचा, मग सरांचा, आणि शेवटी जिचा यायला हवा होता तिचा. मी पेन काढलं. 'कमी पडला' वर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: 'बारदाना एकूण आठ होता. उत्तरेचा, चार, मी उचलला.' सही केली, हुद्दा लिहिला आणि आजची तारीख टाकली.

रविवारी भूमची एसटी धरली. सर भावाच्या रानात होते, अंगात सदरा, डोक्याला पागोटं. उंची नसती तर हे त्या घरातले धाकटे की थोरले, हे लांबून कळलं नसतं. कुंपणाच्या तोंडाशी मुरूम पसरत होते. मी पान उघडून पुढं धरलं. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं. मेंढरं पलीकडं ओरडत होती.

"सर, खोटं का लिहिलं तुम्ही?"

"समितीनं सरळच विचारलं, मॅडम. न विचारलं असतं तर म्या बोललो नसतो. दोनच उत्तरं हुती. एकात तुमची नोकरी जात हुती, एकात माझं एक पान. तुम्ही पाच वर्षं त्या गाडीत रेटा खाल्ला, म्या रोज लिहून घेत हुतो."

ते पुन्हा पान बघायला लागले.

"उचलला म्हंजे कसा? तसाच वढला का दुमडला?"

"दुमडला. स्टेजखाली ठेवला."

"कुणी सांगितलं म्हणून?"

मी प्राचार्यांचं नाव सांगितलं, आणि फाईलचंही सांगितलं.

"मग ते पण लिवा. अर्धं रीडिंग कशाला ठेवता."

मी दगडावर वही ठेवून तेही लिहिलं. त्यांनी माझ्याच हातातलं पेन घेतलं. माझ्या सहीखाली सावकाश लिहिलं, 'तपासले', आणि गिचमीड सही केली.

"पुण्याला पाठवू, सर?"

"पाठवा. ते साहेब हायेत का न्हाईत, कुणास ठाऊक. तुमच्या नावानं पाठवा, उत्तरेचं रीडिंग तुमचं हाय."

मी वही मिटायला गेले, तर त्यांनी पानावर बोट ठेवलं. "सुकू द्या आधी," म्हणाले, आणि मुरमाची टोपली उचलून कुंपणाच्या तोंडाकडं गेले.